माझी थरथर आणि कूलरचा वारा

मित्रांनो, मला जुना म्हणा हवं तर. वय मात्र एका उन्हाळ्याचंही नाही. मी पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा सोलर सेल, काचेवरचा नखाएवढा काळपट थर. वर्ध्याच्या एका कॉलेजात सुरभीने मला घडवलं. ती पवनारहून बसने येते. घरी भाजीचा मळा आहे.

माझे अणू सतत थरथरतात आणि ते सगळ्यांना खुपतं, याचाच मला वैताग! उजेड पडला की माझ्यात ऋण आणि धन असे दोन भार सुटे होतात. त्यांना पुन्हा बिलगायची घाई. बिलगले की वीज बुडाली. तेव्हा भोवतीचे अणू थरथरत जरा सरकतात, दोघांमध्ये आडोसा धरतात. थरथर फार वाढली तर भारांची वाट अडते, हेही खरं. पण ती मुळीच नको?

सुरभीच्या संशोधनाचे मार्गदर्शक मधुकरराव सर यांना ती नकोच होती. "थंडा करून मोज त्याले. कंप म्हणजे तोटा."

"सर, त्याच्यानंच तं भार वेगळे राह्यतात," सुरभी म्हणाली.

"मंग उद्या याच गरमीत चालवून दाखव. नाई जमलं तं विषय बदलजो."

दुसऱ्या दिवशी सुरभीने माझ्या कोरड्या डबीचं झाकण काढलं आणि ती तारा आणायला गेली. त्यात तिला बराच वेळ लागला. तेवढ्यात झाडायला शकुंतलाबाई आल्या. "पोरगी भाजून राह्यली इथं!" म्हणत त्यांनी कूलरमध्ये पाणी ओतलं आणि त्याचं तोंड आमच्या टेबलाकडे वळवलं. मित्रांनो, गरमी मी सोसतो, ओल नाही. ओरडायला तोंड कुठून आणू? सुरभी परतली तेव्हा मी पिवळा पडलो होतो.

सरांनी दिवा लावला. मीटरचा काटा हलला नाही.

"पाह्यलं? थरथरूनच मेला."

"नाई सर, ओल लागली."

"मे महिन्यात ओल कुठून येईन?" कूलरसमोर खुर्ची ओढत सरांनी विचारलं. माझा नुसता जळफळाट झाला!

दारातून शकुंतलाबाई कौतुकाने पाहत होत्या. खरं सांगितलं तर बोलणी कोणाला बसतील, हे सुरभीला ठाऊक होतं.  तिने कूलरचं नाव न घेता संशोधनाचा विषय बदलला.

माया जरूर करा, मित्रांनो; पण समोरच्याला काय सोसतं, ते आधी विचारा. आणि कोणी थरथरताना दिसलं तर त्याला लगेच स्वस्थ बसवू नका. तेच त्याचं काम असेल.

काल सुरभीने मला ड्रॉवरमधून काढून खिडकीतल्या उन्हात धरलं. माझे अणू अजून थरथरतातच. मी खूप प्रयत्न केला. काहीच निघालं नाही.