कामावर पाणी नाही प्यायचं

मी तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगते. बावीस वर्षं कचरा डेपोवर प्लास्टिक वेचतेय, तिथे गोड बोलून काही होत नाही.

डेपोवर माश्या, धूर, कुत्री, सगळं आहे. बाईला बसायला आडोसा तेवढा नाही. वजनकाट्याच्या खोलीमागे एक संडास आहे, पण त्याची किल्ली मुकादमाच्या खिशात. मागायला गेलं की चार पुरुषांसमोर विचारतो, "मघाशीच गेली होतीस ना?" बरं, कुठे पत्र्याआड बसावं, तर नंतर हात धुवायला नळ नाही. म्हणून आम्ही बायकांनी आपला उपाय काढला होता. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाण्याला तोंड लावायचं नाही. फारच घसा सुकला तर चूळ भरायची आणि थुंकायची.

मुलाचं काम सुटलं तशी सून माझ्याबरोबर यायला लागली. पहिल्याच दिवशी पाण्याची मोठी बाटली घेऊन आली. मी ती काढूनच घेतली.

"अगं, सहलीला आलीस का? दोन दिवस त्रास होईल, मग सवय होते."

पोरगी गुणाची, उलटून बोलली नाही. महिन्याभरात मलाही मागे टाकलं तिने. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, "माझी सून उंटीण आहे, उंटीण!"

मग एकदा हळूच म्हणाली, "आई, लघवीला जळजळ होते."

"उन्हाचं आहे ते. मला नाही होत? मी बोंबलत फिरते का?"

मंगळवारी ती ढिगाऱ्यावरच मटकन खाली बसली. अंग तव्यासारखं तापलेलं, दात वाजत होते. आम्ही दोघीतिघींनी तिला हातगाडीवर घातलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. लघवीतले जंतू किडनीपर्यंत गेले होते.

"वाचेल ना हो?" मी विचारलं.

"वाचेल. पण आणखी दोन दिवस काढले असते तर अवघड होतं." त्यांनी सलाइन लावली आणि सुनेला विचारलं, "दिवसभर पाणी पीत नाहीस? असं कुणी सांगितलं?"

सून डोळे मिटूनच म्हणाली, "कुणी नाही. मला तहानच लागत नाही."

एवढ्या तापात पोरगी मला सांभाळून घेत होती! माझी मलाच चीड आली.

"खोटं बोलतेय ती. मीच सांगितलं. बाटली मी काढून घेतली. काय बोलायचं ते मला बोला."

डॉक्टरीणबाईंनी दुसरा केसपेपर पुढे ओढला, माझं वय विचारलं. मग म्हणाल्या, "आणि तुम्हाला कधीपासून त्रास आहे?"

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. एरवी माझं तोंड बंद होत नाही. तेव्हा नुसतं रडू येत राहिलं. सुनेने मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं.

"सांगा ना, आई," ती म्हणाली. "रोज पहाटे मोरीत कण्हता तुम्ही. मला ऐकू येतं."