पाचव्या सिलिंडरची बैठक

मोरेश्वर अमेरिकेत ट्रॉयच्या एका कंपनीत इंजिनाच्या इग्निशनचं, म्हणजे ठिणगी पाडण्याचं, सॉफ्टवेअर लिहायचा, आणि त्याची स्वतःची गाडी सिग्नलला थांबली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. म्हणून काय तो मेकॅनिककडे जाणार होता? नाव नको. रविवारी त्यानं सहा स्पार्क प्लग आणले, दुपारभर गॅरेजमध्ये खुडबुड केली आणि हात पुसत जाहीर केलं, "प्लग बदलले. आता प्रॉब्लेम डीप आहे."

हा डीप प्रॉब्लेम शनिवारी दहाच्या आत सुटायला हवा होता, कारण दहाला शैलजाची ड्रायव्हिंग टेस्ट होती. आचके देणाऱ्या गाडीत टेस्ट घेणारा बसतच नाही. २००४ साली लग्न होऊन आल्यापासून दोन वर्षं ही बाई कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा नवऱ्याची मीटिंग संपायची वाट बघत होती. ही तारीख हुकली तर पुढची थेट दीड महिन्यानं, ऐन बर्फात.

शनिवारी आठला मोरेश्वरनं मित्र जमवले. सगळे गाड्यांच्याच धंद्यातले. अनिल बायकोला, रुचाला, घेऊन आला आणि त्यानं गाडीला बिघाड दाखवणारा कोड रीडर लावला.

"पाचव्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्लग काढून बघायचा का?"

"प्लग नवे आहेत यार," मोरेश्वर म्हणाला, आणि सगळे आत येऊन बसले.

मग लॅपटॉप उघडले. शंतनूला इंजेक्टरचा संशय, संजयला कॉइलचा, मोरेश्वरला पेट्रोलचा. चिवडा संपला, संशय काही संपेनात. नऊ वाजता मोरेश्वर म्हणाला, "शैलू, टेस्ट कॅन्सल करून टाक. सेफ्टी फर्स्ट."

शैलजाला रडू फुटायचंच बाकी होतं, आणि वर या विद्वानांना चहा हवा होता. आधण ठेवून ती जादा खुर्ची आणायला गॅरेजमध्ये गेली. खुर्चीमागे प्लगचा खोका होता. आत तीन प्लग, कोरे करकरीत.

तिनं ते आणून चिवड्याच्या रिकाम्या ताटलीत ठेवले. त्या इंजिनाचे पुढचे तीन प्लग हाताशी असतात आणि मागचे तीन पार आत, पाचवा त्यातलाच, हे तिथं बसलेल्या प्रत्येक इंजिनिअरला ठाऊक होतं.

"मागे हात पोचत नव्हता," शेवटी मोरेश्वर म्हणाला.

"हे रविवारी सांगितलं असतंस तर बुधवारपर्यंत मेकॅनिकनं बदलून दिले असते."

"आणि लोक काय म्हणाले असते? इग्निशनवाला मेकॅनिककडे जातो?"

लोक समोरच बसले होते. शंतनूनं लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. रुचा मात्र उठली आणि पर्समधून किल्ली काढली. "माझी गाडी घे. मी येते बरोबर."

मोरेश्वर लगबगीनं जॅकेट शोधू लागला.

"तू नको," शैलजा बूट घालत म्हणाली. "आधण उकळतंय. चहा सगळ्यांना पुरेल एवढा कर, अर्ध्यांना देऊन 'झाला' म्हणू नकोस."