खय्यूनच्या मोटरचा गियर

पाणी आटलं की माझा धंदा तेजीत येतो. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. आमच्या इराकच्या दलदलीत पाणी उथळ झालं की बोटीच्या मोटरी पाण्याबरोबर चिखलही ओढतात, आतली रबरी चक्री झिजते, मोटर तापून बंद पडते, आणि चिबायिशच्या बंधाऱ्यावर माझ्या पत्र्याच्या शेडपुढे रांग लागते. चक्री बदलायची तर मोटरचा खालचा पाय, म्हणजे पंखा आणि गियर असलेला भाग, सोडवावा लागतो. सोडवणं कुठल्याही गाढवाला जमतं. गोम आहे ती परत बसवण्यात. वरची गियरची दांडी मधल्या खाचेत, म्हणजे न्यूट्रलला, हवी आणि पायातली सळईही मध्येच हवी, तेव्हाच दोघींना जोडणारा नट आवळायचा. मग पंखा हाताने फिरवून बघायचा. दोन्हीकडे मोकळा फिरला तर काम झालं. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे काम शिकलं त्यांना मी हे शिव्या घालून शिकवलंय.

खय्यून माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, फजरियाचा नवरा. आत खोल दलदलीत बोरूच्या बेटावर राहायचा, चौदा म्हशी पाळायचा आणि कुणाचं म्हणून ऐकायचा नाही. आमच्याकडे पुष्कळ लोक करतात तेच तोही करायचा. गियरची दांडी पुढच्या खाचेत घालायची आणि चिंधीने करकचून बांधून टाकायची. बोरूतल्या अरुंद वाटांत मागे जायचं नसतंच, आणि जुन्या मोटरींची दांडी हादऱ्याने निसटते. अशी बांधलेली मोटर चालू होताक्षणी बोट उसळी घेते. म्हणून हे लोक आधी एक गुडघा फळीला रोवतात, डाव्या हाताने काठ धरतात आणि मगच दोरी ओढतात. खय्यून तर झोपेतही तसाच बसत असेल.

उन्हाळ्याच्या तोंडाला तो आला तेव्हा माझ्यापुढे अकरा मोटरी होत्या.

"उस्ता, माझी आधी," तो बोटीतूनच ओरडला. "म्हशी वाट बघतायत."

"तुझ्या म्हशींना माझा सलाम सांग आणि रांगेत बस."

"म्हशी सलाम घेत नाहीत. मी साय आणलीय." त्याने ताट वर केलं. म्हशीच्या दुधाची जाड साय, वर तांदळाची भाकरी. माझी खोड त्याला ठाऊक होती. मी त्याची मोटर आधी घेतली.

दांडीला लाल चिंधी बांधलेली होती, तेलाने काळी पडलेली. मी ती सोडली आणि त्याच्यापुढे नाचवली. "किती वर्षं सांगतोय, खय्यून? हे काय गाढवाचं दावं आहे? एखाद दिवशी तोंडावर आपटशील."

"तुझ्या बहिणीने बांधायला दिलीय. तिच्याशी भांड."

"तिला काय कळतंय! आजपासून चिंधी बंद. दांडी मध्ये ठेवायची, आरामात उभं राहून दोरी ओढायची, मग गियर टाकायचा. माणसासारखं."

"बरं बाबा," तो म्हणाला. "आज तुझं ऐकतो. उद्या पाऊस पडेल बघ."

चिंधी मी शेडमधल्या खिळ्याला अडकवली. चक्री बदलली, पाय चढवला, बोल्ट आवळले. तो साय खा, साय खा म्हणत होता, मागचे दोघे माझ्या नावाने बोंबलत होते, आणि मी एका हाताने भाकरी मोडत दुसऱ्या हाताने नट आवळला. बंधाऱ्यापाशी पाणी घोट्याएवढं, तिथे मोटर चालवून बघायची सोयच नव्हती. तो काठीने बोट ढकलत खोल पाण्याकडे निघाला. वळून हात केला. तोंडात सिगारेट होती.

तासाभराने बातमी आली. मोटर चालू केली तेव्हा बोट उसळली, खय्यून मागे पाण्यात पडला, आणि रिकामी बोट गोल गोल फिरत त्याच्याच अंगावरून गेली.

कुणी काही विचारलं नाही. खय्यूनची चिंधी सगळ्या दलदलीला माहीत होती. "बांधून चालवायचा, एक दिवस हे होणारच होतं," असं पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं आणि तेच ठरलं. मीही मान हलवली. चिंधी माझ्या खिळ्यावर लटकत होती, हे मला दिसत होतं. पण मी स्वतःला समजावलं, की तो खय्यून आहे, वाटेत दुसरी चिंधी शोधून बांधली असेल. तो माणूस माझं कधी ऐकणार होता! त्या खिळ्याकडे मी बघणं सोडलं. त्याच्यावर एक जुना कोट टांगला.

फजरियाची इद्दत, म्हणजे विधवेने घरात बसायची मुदत, चार महिने दहा दिवस. ती संपल्याच्या तिसऱ्या दिवशी ती स्वतः काठी मारत बंधाऱ्यावर आली, काळ्या कपड्यांत, बोटीत तीच मोटर. तोवर पाणी पार तळाला गेलं होतं. चौदातल्या नऊ म्हशी उरल्या होत्या.

"दादा, ही चालू करून दे," ती म्हणाली. "बेटाभोवती चिखल उरलाय नुसता. म्हशी मोठ्या कालव्याला न्यायच्यात. दीर म्हणतो, विकून टाक, बाईच्या हातची मोटर नव्हे. मी म्हटलं, बघू."

"तू चालवणार?"

"मग कोण, म्हशी चालवणार?"

अगदी नवऱ्यासारखं बोलली. मी हसलो आणि मग मला हसवेना. तिला चहा ओतला. ती शेडच्या सावलीत बसली, ग्लास हातात धरून, प्यायली नाही.

मी मोटर घोडीवर चढवली. दांडी मधल्या खाचेत होती. सवयीने मी पंख्याला हात घातला आणि फिरवला.

एका बाजूला कटकट वाजलं. दुसऱ्या बाजूला तो हललाच नाही.

मी परत फिरवला. परत तेच. दांडी मध्ये आणि गियर पुढचा. मला त्या क्षणीच कळलं, उलगडून सांगायला कुणी लागलं नाही. मोटर आली तेव्हा बांधलेली होती, म्हणून पायातला गियर पुढे होता. चिंधी सोडून नाचवताना मी वरची दांडी मध्ये आणली. खालची सळई मध्ये आणली नाही. तशीच जोडली. पंखा फिरवून बघितला नाही. एका हातात साय होती.

आणि त्याने माझं ऐकलं होतं. दांडी मध्ये आहे या भरवशावर तो उभा राहिला, गुडघा रोवला नाही, काठ धरला नाही. चिंधी असती तर तो धरून बसला असता. चिंधी असती तर तो आज जिवंत असता.

नट सैल करायचा, सळई एक खाच मागे घ्यायची, परत आवळायचा, दोन मिनिटांचं काम. कोणाला कळणार होतं? मी पाना उचललासुद्धा. माझ्या नीचपणाची मला आजही किळस येते, पण पाना उचलला होता हे खरं.

"दादा," फजरिया मागून म्हणाली, "तुला एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"ती चिंधी माझी होती. माझा लाल झगा फाटला तेव्हा मीच पट्टी फाडून दिली. म्हटलं, दोरीने हात कापून घेतोस, ही मऊ आहे." ती ग्लासाकडे बघत होती. "मातमला बायका आल्या. मला वाटलं रडायला आल्यात. बोरूच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. म्हणत होत्या, बायकोनेच दावं दिलं आणि दाव्याने नेला. चार महिने मी ते ऐकतेय. त्या फक्त एक दिवस बोलल्या, पण मी रोज ऐकते. तुला मोटरीतलं कळतं. सांग, माझ्या चिंधीने नेलं का त्याला?"

हो म्हटलं असतं तर माझं झाकलं जात होतं. नाही म्हटलं तर मग कोणी, हे सांगावं लागत होतं. मी पाना खाली ठेवला. कोट काढला, खिळ्यावरची चिंधी घेतली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

तिने चिंधी बोटांनी उलगडली. "ही इथे कशी?"

"त्या दिवशी मी सोडली होती. बांधू नको म्हणालो होतो."

"मग त्याने दुसरी..."

"नाही बांधली. तुझ्या चिंधीने नाही नेलं, फजरिया. मी नेलं. गियर मी चुकीचा जोडला. इकडे ये, बघ."

तिला मी पंखा फिरवून दाखवला. दांडी दाखवली. सगळं सांगितलं, सायीचंसुद्धा. मला वाटत होतं तिने मारावं, ओरडावं, तोंडावर थुंकावं. तिने पंख्याला स्वतः हात घातला आणि एकदा फिरवला. कटकट वाजलं. हात काढला, झग्याला पुसला.

"म्हणजे तुझं ऐकलं त्याने," ती म्हणाली.

"हो."

"माझं एकदासुद्धा ऐकलं नाही मेल्याने. सतरा वर्षांत." तेव्हा तिचा आवाज फुटला. तोंडावर ओढणी दाबून ती रडली, आणि मी तिच्या जवळ जायला निघालो तर तिने दुसरा हात पुढे केला. तिथेच थांब म्हणून. मी थांबलो.

मग डोळे पुसून म्हणाली, "शुक्रवारी मुदीफच्या बैठकीत सगळे पुरुष कॉफीला जमतील. उभा राहून सांगायचं. सगळ्यांसमोर, मोठ्याने. त्यांच्या बायका घरी ऐकतील."

"सांगतो."

"आता ती नीट कर. मला उन्हं उतरायच्या आत पोचायचंय."

मी पाय उतरवला. चक्री बदलली. सळई मध्ये आणली, दांडी मध्ये आणली, नट आवळला. पंखा फिरवला. दोन्हीकडे मोकळा. परत फिरवला. तिसऱ्यांदा तिला फिरवायला लावला. मोकळा. आयुष्यात इतकं नीट काम मी कधी केलं नसेल. मोटर बोटीला लावली, काठी घेऊन तिला खोल पाण्यापर्यंत मीच ढकलत नेलं. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून म्हणालो, "मध्ये आहे. तुझ्या डोळ्यांनी तू बघितलंस. आरामात दोरी ओढ."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. दांडी पुढच्या खाचेत ढकलली. कमरेला खोचलेली लाल चिंधी काढली, दांडीला दोन वेढे दिले आणि दातांनी गाठ आवळली. एक गुडघा फळीला रोवला, डाव्या हाताने काठ धरला, थेट त्याच्यासारखं, आणि दोरी ओढली.

बोट उसळली. ती जागची हलली नाही.

शुक्रवारी मी मुदीफमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं. म्हातारे म्हणाले, अल्लाहची मर्जी. कोणी कॉफीचा कपही पुढे केला. फजरिया म्हशी घेऊन मोठ्या कालव्यावर गेली, सगळ्या नऊ. मोटर तापली की आता ती दुसऱ्या बंधाऱ्यावर जाते, दीड तास लांब.