रंकाळ्यावरची हाक

प्लेगच्या साली गाव सोडताना बाबालालनं आपली म्हैस, चंद्री, शेजारच्या अक्काताईला विकली. साथ ओसरल्यावर तो परतला आणि रोज संध्याकाळी रंकाळ्याच्या काठानं चालू लागला. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींत चंद्री दिसली की तो थांबायचा, पण हाक मारायचा नाही. त्याचा आवाज ऐकला की चंद्री घरी दूध चोरते, पान्हा सोडत नाही, असं अक्काताईनं त्याला बजावलं होतं.

एके दिवशी चंद्री खोल पाण्यात जाऊन बसली. अक्काताई काठावरून ओरडून दमली.

"बाबालाल, काय बघत उभारलाईस? मार की हाक!"

"तुमीच नको म्हटलंतं की."

"आज मार. आणि मलाबी शिकीव. रोज तुला कुठं हुडकत फिरू?"

बाबालालनं जीभ टाळ्याला लावून लांब हेल काढला. चंद्री पाणी कापत थेट त्याच्याकडं आली आणि ओलं नाक त्याच्या छातीला घासू लागली. तिच्या मानेवर हात ठेवूनच त्यानं तो हेल अक्काताईला जमेपर्यंत शिकवला.

दुसऱ्या संध्याकाळी तीच हाक अक्काताईच्या आवाजात पाण्यावरून आली. चंद्री उठली, काठावर चढली आणि अक्काताईच्या मागं चालू लागली. बाबालालची जीभ टाळ्याला लागली होती. चंद्री दिसेनाशी होईपर्यंत त्यानं जीभ तशीच धरून ठेवली.