संतपूरच्या बूथवर आलेला ‘सिरियस’

मी ‘सिरियस’ बोलतोय. इंग्रजीत माझे अर्थ पुष्कळ. माणूस हसत नसला तरी मी, मन लावून अभ्यास करत असला तरी मी. पण बीदरकडच्या खेड्यांत मी दवाखान्याच्या दारातून शिरलो आणि माझा एकच अर्थ उरला: माणूस आता काही वाचत नाही. माझं नाव निघालं की बायका तोंडाला पदर लावतात. हा मान मला कधीच आवडला नाही.

२००३ सालची गोष्ट. संतपूरच्या जगदेवीचा मुलगा योगीराज हैदराबादला इमारतींच्या कामावर होता. तिथंच काम करणाऱ्या रूपालीशी त्याला लग्न करायचं होतं. रूपाली ठाणाकुशनूरच्या बौद्ध घरातली. जात आडवी आली आणि जगदेवीनं पोटच्या पोराशी अबोला धरला. शेवटी योगीराजच्या कामावरचा मुकादम सोमशेखर मध्ये पडला. टीव्हीवरच्या मालिका बघून त्याला इंग्रजी शब्दांची भारी हौस. त्यानं हैदराबादहून फोन करून संतपूरच्या टेलिफोन बूथवर निरोप सांगितला. बूथवाला बाबूलाल तो घेऊन जगदेवीच्या दारात पळत आला.

“अक्का, योगीराज लई सिरियस हाय म्हनं. लगेच या म्हणायलेत.”

सोमशेखरला म्हणायचं होतं, पोरगा त्या मुलीच्या बाबतीत ठाम आहे. मला ते ओरडून सांगावंसं वाटलं. पण शब्दाला स्वतःचं तोंड कुठं असतं? जगदेवी नेसत्या लुगड्यानिशी बसकडे धावली. दिरानं सोयऱ्यांना कळवायला माणसं धाडली.

बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं नुसतं माझं नाव घेतलं, तर दोघीजणी उठून उभ्या राहिल्या. बीदर गेलं, जहीराबाद गेलं. ती खिडकीला डोकं टेकून पुटपुटत होती, “एकडाव बोलू दे रे देवा त्याच्यासंगं.” पाणीसुद्धा घेईना. पोचेपर्यंत हिचंच काही बरंवाईट झालं तर, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला.

योगीराज कामावर विटा उचलत होता. जगदेवी त्याचं तोंड, हात, छाती चाचपत राहिली. सोमशेखरनं वरमून खुलासा केला. आता शिव्यांचा पट्टा सुटणार, असं समजून रूपाली खांबाआड सरकली.

जगदेवीनं तिला हाताला धरून पुढं ओढलं.

“मयताला निघाले हुते मी, पोरी. लग्नाला यायचं काय अवघड हाय मला?”

माझं मागणं एवढंच. मला एकट्याला निरोपात धाडू नका, कशाबद्दल सिरियस तेही सांगा. प्रत्येक आई एवढा प्रवास धड पार करेलच असं नाही.