एकशे सदतिसावी पायरी

वृंदा गेल्याचा फोन कारखान्याच्या गेटवर आला. १९९१ चा ऑगस्ट, मंगळवार. वॉचमन बुधाजी मला बोलवायला आला तेव्हा माझ्या हातात शाफ्ट होता. अंबरनाथच्या त्या कारखान्यात मी तपासणीवर होतो. माप बरोबर आले की हिरवी टिक करायची, एवढे काम. तो शाफ्ट मापून, टिक करून मगच मी बायकोला बघायला उल्हासनगरच्या हॉस्पिटलात गेलो.

वृंदा बदलापुरात, कात्रपच्या शाळेत गणित शिकवायची. तिने १९६ ही संख्या धरली होती. कोणतीही संख्या घ्या, उलटी करून तिच्यातच मिळवा. ८७ आणि ७८, १६५. १६५ आणि ५६१, ७२६. आणखी दोनदा केले की ४८८४ येते, दोन्हीकडून सारखी. ८९ ला चोवीस पायऱ्या लागतात, पण शेवटी तशी संख्या येते. १९६ ची येत नाही. येणारच नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही, असे ती सांगायची. चार वर्षे ती वहीत एकेक पायरी करत होती. तपासायचे काम माझ्याकडे होते.

"अहो इन्स्पेक्टर, माल तयार आहे. या."

मी वरवर बघायचो आणि टिक करायचो.

"शाफ्टही असेच पास करता का? न मापता?"

"शाफ्ट तुटला तर माणूस मरतो. हे आकडे कोणाला लागतायत?"

"मला."

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तिने विचारले, "दोनशे बारावी तपासली?"

"तपासली."

"नीट?"

"हो गं."

तेराव्यानंतर शेजारच्या बनूबाई कपाट आवरायला आल्या. "भाऊ, ह्या वह्या रद्दीत टाकू का?" म्हणाल्या. मी त्या काढून घेतल्या. शेवटच्या पानावर, हॉस्पिटलात जायच्या दोन दिवस आधीची तारीख घालून तिने लिहिले होते : संख्येतल्या अंकांची बेरीज करा, नऊने भागा, बाकी बघा. १९६ ची बाकी ७. पुढच्या पायऱ्यांची ५, १, २, ४, ८ आणि परत ७. क्रम मोडला तिथे चूक आहे. त्याखाली होते, 'ह्यांना दाखवायचे. काम सोपे होईल.'

मी पहिल्या पायरीपासून बाकी काढत गेलो. एकशे सदतिसाव्या पायरीला ८ हवी होती, ७ आली. एके ठिकाणी हातचा एक मिळवायचा राहिला होता. शेजारी माझी हिरवी टिक होती. तारीख ४ मार्च १९९०. त्या दिवशी काय होते ते मला आठवत नाही. विशेष काही नसावे.

तिथून पुढच्या पायऱ्या १९६ च्या नव्हेत. जवळजवळ दीड वर्ष ती भलत्याच संख्येच्या मागे होती. ती बेरीज बरोबर झाली असती तर तिला हवी ती संख्या मध्येच कुठे सापडलीही असती. मला माहीत नाही.

आता दर रविवारी मी एक पायरी करतो. साठेक आकडी संख्यांची बेरीज असते. दोनदा करतो, मग बाकी काढतो, मगच टिक. काल एकशे एकेचाळिसावी झाली. बाकी २ आली, ती बरोबर आहे.

एकशे बेचाळीस ते दोनशे बारा या पायऱ्या करायच्या राहिल्या आहेत.