साखर फोडणाऱ्या हातोड्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना पितळी हातोडा आहे, साखर फोडण्याचा. माझी हकीकत ऐकून तुम्ही मला शाबासकी द्याल, अशी माझी अपेक्षा नाही.

माझा जन्म तारुदांत शहरातल्या पितळकामाच्या गल्लीत झाला. कारागिराने वाळूच्या साच्यात वितळलेले पितळ ओतले, एक तोंड बोथट ठेवले, दुसऱ्याला पात्यासारखी धार दिली आणि कानशीने कडा साफ केल्या. वजन असे बेतले की, मनगटाला शीण न येता आमच्याकडे मिळणारा साखरेचा दोन किलोचा टणक, शंकूसारखा सुळका फुटावा. काम चोख होते. माझ्या घडणीत दोष नव्हता, हे आधीच नमूद करतो.

लग्नातल्या भेटींबरोबर मी डोंगरातल्या एका घरी आलो आणि याम्ना आजीच्या हाती पडलो. रोज दुपारी पुदिन्याच्या चहासाठी ती सुळक्याचे खडे फोडी.

"याम्ना, तुझ्या चहात चमचा उभा राहतो बघ!" शेजारची हद्दा म्हणे.

"मग? पाहुण्याला फिका चहा द्यायला मी तुझी सासू आहे का?" असे म्हणत आजी आणखी एक खडा फोडी. तेव्हा मला फार मोठेपणा वाटत असे.

त्या घरात दातांचा ब्रश एकच होता, आणि त्याने चहाच्या किटलीची तोटी घासली जाई. दातांसाठी अक्रोडाची साल होती. आठवड्यातून एकदा, हमामात म्हणजे गावच्या न्हाणीघरात जायच्या दिवशी, आजी ती हिरड्यांवर चोळी. ओठ लालचुटूक दिसत आणि आठवडाभराचे काम झाले असे सर्वांना वाटे.

आजीची नात तुदा आठ वर्षांची झाली, तेव्हाची ही गोष्ट.

"आजी, मागची दाढ ठणकते गं."

"दुधाची आहे ती. पडेल, नवी येईल. पुढचे दात पडले तेव्हा तर अंगणभर नाचत होतीस!"

मग आजीने मला उचलले, एक खडा फोडला, त्याला लवंगेची पूड लावली आणि तो तुदाच्या गालात ठेवला. लवंगेने ठणका थोडा थांबला. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन आठवडे चालले. मी फोडलेली साखर त्या किडलेल्या दाढेवर रोज विरघळत होती, आणि मी मात्र तबकात खणखणत होतो.

एके सकाळी तुदाचा गाल इतका सुजला की, डोळा अर्धा मिटला. अंगात ताप होता. तिचे वडील इद्दर यांनी बाजाराला जाणारा ट्रक थांबवला आणि तिला शहरातल्या दातांच्या दवाखान्यात नेले. त्या दिवशी आजीने किटली चुलीवर ठेवलीच नाही. दाढ वाचेल की नाही, एवढाच प्रश्न घरात उरला होता.

दुपार कलताना दोघे परतले.

"वाचली का रे दाढ?" आजीने उंबरठ्यातच विचारले.

"काढावी लागली, आई. मुळाशी पू झाला होता."

"असू दे. नवी येईल."

"नाही यायची. ती दुधाची नव्हतीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही सहाव्या वर्षी अगदी मागे उगवते. ती येताना दुधाचा एकही दात पडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. कायमची असते ती. दुखायला लागल्याबरोबर आणली असती, तर कदाचित भरता आली असती."

आजी खाली बसली.

आमच्याकडे मुले पडलेला दात सूर्याकडे फेकतात आणि म्हणतात, गाढवाचा दात घे, हरणाचा दे. तुदा काढलेल्या दाढेची कागदी पुडी घेऊन अंगणात गेली. तिने हात उंचावला, तेवढ्यात आजीने तो धरला.

"नको, बाळा. याच्या बदल्यात सूर्य काही देणार नाही."

"मी नीट म्हटलं तरी?" तुदाच्या तोंडात अजून कापूस होता.

"तू नीटच म्हणशील गं. चुकलं माझं."

याम्ना आजीला कोणाची माफी मागताना मी त्याआधी ऐकले नव्हते. मला तर तीही मागता आली नाही.

इद्दरने खिशातून चार ब्रश काढले आणि डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेले नियम सांगितले. सकाळी आणि झोपण्यापूर्वी, दोन-दोन मिनिटे. रात्री घासल्यावर फक्त पाणी. मुलांचे दात मोठ्यांनी तपासायचे. दर सहा महिन्यांनी दवाखाना. तशाच उरलेल्या तिन्ही कायमच्या दाढांच्या खाचा, त्या किडू नयेत म्हणून, पुढच्या महिन्यात बुजवायच्या होत्या.

"लाल माझा," तुदा बोबडे बोलली. "आणि आजी, यातला एकही किटलीला नाही हं!"

आजीला हसू आले, आणि तिने पदरात तोंड लपवले.

आता मला आठवड्यातून दोनदाच उचलतात. त्याचे मला दुःख नाही. पण तुदा जेवताना एकाच बाजूने चावते, आणि ते पाहिले की मी मान वर करू शकत नाही. मित्रांनो, ठणका लागण्याची वाट पाहू नका. तुमच्या घरी सहा-सात वर्षांचे कोणी असेल, तर त्याला आजच उजेडात आणून तोंड उघडायला सांगा आणि अगदी मागेपर्यंत पाहा.